न गळणारी जोडी

कपाटाचं दार करकरलं आणि आम्ही दोघींनी एकदमच मान वळवली. त्याआधी दोन-तीन मिनिटं खोलीत अगदी शांत होतं. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत पांढऱ्या इलॅस्टिकची पट्टी ताणून बांधलेली, तिच्यात बोटाबोटाच्या अंतरावर टोचलेल्या दीडशेहून जास्त टाचण्या, आणि मधोमध डुलणाऱ्या टाचण्यांवर डोळे लावून फरशीवर बसलेल्या आम्ही. सुवर्णा डुलणं मोजत होती. दार वाजलं तशी ती अकरावर थांबली.

"हे दार का वाजलं गं?"

"वारा असेल."

"खिडकी बंद आहे की."

ती उठून कपाटाशी गेली, कडीला तर्जनी टेकवून उभी राहिली आणि मला म्हणाली, परत सोड. मी पट्टीला मधोमध पुन्हा तसाच पीळ दिला आणि सोडला. थोड्या वेळानं तिचा चेहरा बदलला. कुणाची नाडी सापडावी तसा.

"येतंय बघ," ती म्हणाली. "आपली जोडी हितवर काहीतरी पाठवतीय."

हे सगळं काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची माझी लाज कुणाला कळायची नाही. माझी लेक रेवा दुपारची झोपली की मला पाऊण तास मिळतो, त्यातच हे लिहितेय, तेव्हा जमेल तेवढं सांगते.

सुवर्णा कांबुरे आणि मी एका विद्यापीठात केळुस्कर सरांच्या हाताखाली संशोधन करत होतो आणि एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. ती इचलकरंजीची, मागावर कापड विणणाऱ्या घरातली. ते इलॅस्टिक तिच्या दाजींच्या कारखान्यातलं. मी सांगलीची, एकुलती एक, पहिलीपासून पहिला नंबर. आमचा विषय होता क्षेत्रं. म्हणजे जागेत सगळीकडे पसरलेली, आणि एका ठिकाणी हलवली की शेजारी, मग त्याच्या शेजारी हलत जाणारी गोष्ट. खरी क्षेत्रं फार अवघड असतात, म्हणून त्यांची खेळणी करायची, एका सरळ रेषेवरची. सर सावंतवाडीकडचे. ते म्हणायचे, खऱ्या वाघाला हात लावता येत नाही म्हणून आपण लाकडाचा करतो, आणि मग लाकडाचाही चावतो तेव्हा आपलं शिक्षण सुरू होतं.

टाचण्यांची पट्टी हे त्यातलं सगळ्यात सोपं खेळणं. पट्टीला एका बाजूनं एक पूर्ण पीळ दिला की तो गाठीसारखा एका जागी राहतो, ढकलला तर सरकतो. दुसऱ्या बाजूनं उलटा पीळ दिला की दोन्ही पीळ एकमेकांकडे ओढले जातात. कधी भेटतात आणि विरून जातात. कधी मात्र विरतही नाहीत आणि सुटतही नाहीत. एकमेकांना धरून उघडमीट करत राहतात, झोपलेल्या बाळाच्या पोटासारखी. पुस्तकात याला बद्ध अवस्था म्हणतात. आम्ही जोडी म्हणायचो.

प्रश्न एवढाच असतो की जोडी किती टिकते. बहुतेक खेळण्यांत ती उघडमीट करताना आजूबाजूला बारीक लाटा सोडते. गळते, आणि गळता गळता संपते. मी संगणकावर एक नवं खेळणं केलं होतं, थोडं वेगळं सूत्र घालून, आणि त्यातली जोडी गळतच नव्हती. आठवडाभर संगणक चालवला, तरी पहिल्या दिवशी होती तेवढीच. सरांनी येत्या सोमवारच्या बैठकीच्या पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नावच छापलं होतं, 'न गळणारी जोडी'.

त्या बैठकीला बाहेरून तिघांची समिती येणार होती. दोन निर्णय व्हायचे होते. आमच्या गटातून एकाला परदेशी दोन वर्षं पाठवायचं होतं, आणि ते नाव माझं असणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. सुवर्णाला फक्त एक वर्ष वाढवून हवं होतं. जोडी किती वेगानं गळते हे कागदावरच काढायची एक रीत तिनं बसवली होती आणि ती पुरी व्हायला तेवढा वेळ हवा होता. घरून तिला निरोप होता, वाढवून मिळालं तर शिक, नाहीतर परत ये.

आता अडचण अशी, की तिच्या रितीप्रमाणे माझी जोडीसुद्धा गळायला हवी होती. हळू, पण गळायलाच हवी. महिनाभर आम्ही त्यावरून वाद घालत होतो, पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना. म्हणून तर त्या गुरुवारी दुपारी पट्टी बांधली होती.

दार वाजल्यावर तिनं दोन टॉवेल ओले करून आणले. पट्टीची दोन्ही टोकं हातभर त्यांत सैल गुंडाळली, की तिकडे गेलेली लाट टॉवेलात विरावी, परत येऊ नये. मग पीळ सोडला. टॉवेलाशिवाय जोडी बावीस वेळा डुलायची. आता तेरा वेळा डुलली आणि संपली. पुन्हा केलं. बारा.

"केतके," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या संगणकात रेषेच्या टोकांना काय आहे?"

टोकं पक्की बांधलेली होती. रेषाही आखूडच घेतली होती, कारण लांब घेतली की विभागातला तो म्हातारा संगणक दिवसदिवस घ्यायचा. म्हणजे माझी जोडी जेवढं गमावत होती तेवढं दोन्हीकडच्या भिंती तिला परत आणून देत होत्या. ती गळत नव्हती असं नाही. मी तिला बंद खोलीत ठेवलं होतं.

हे मला त्याच क्षणी कळलं. तोंडानं मी म्हटलं, तपासून बघते.

शुक्रवारी रेषा चौपट लांब केली, टोकांना लाटा गिळून टाकणारा पट्टा घातला आणि संगणक लावला. शनिवारी दुपारी उत्तर आलं. जोडी गळत होती. सुवर्णाच्या कागदावर जो वेग होता त्याच वेगानं, दुसऱ्या दशांशापर्यंत.

मी खोलीवर आले तेव्हा ती शेंगा सोलत बसली होती. झालं का, तिनं विचारलं. मी मान हलवली आणि आकड्यांचा कागद तिच्यापुढे धरला. ती उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं आता म्हणेल, सांगत होते ना. तिनं माझ्या दंडाला धरलं.

"आगं, मग तोंड का पाडलंस? एवढी हळू गळणारी जोडी आजवर कुणाला मिळाली नाही. तुझं खेळणं आणि माझी रीत, दोन्हींचा आकडा एक येतोय. दोघींचं मिळून किती भारी होईल बघ की."

ती म्हणत होती ते खरं होतं. आजही हिशेब केला तर खरंच येतं. मला काही गमवावं लागणार नव्हतं. फार तर पत्रिकेतलं व्याख्यानाचं नाव खोडावं लागलं असतं.

आमच्या गटात एक रिवाज होता. ज्याची चूक त्यानंच सांगायची. दुसऱ्याला ती दिसली तर खासगीत कानावर घालायची, चारचौघांत बोट दाखवायचं नाही. सर तरुण असताना त्यांच्या एका मित्राची चूक कुणीतरी भरसभेत काढली होती आणि त्या माणसानं विषयच सोडला होता, तेव्हापासून सरांनी हे पाळलं. आणि ज्यानं चूक सांगितली त्यानं त्या संध्याकाळी विभागातल्या शेगडीवर सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा करून पाजायचा. चुकीचा चहा. त्यात लाज नसे, उलट टिंगल-गंमत चाले. सुवर्णानं सगळ्यात जास्त वेळा केला असेल. सर तिला म्हणायचे, तुझा हात चहाला बसलाय, गणिताला बसायचाय अजून. ती म्हणायची, दोन्हीला उकळावं लागतं सर. मी चार वर्षांत एकदाच केला होता, एक वजाचं चिन्ह राहिलं होतं तेव्हा. आणि चार वर्षांत एकदाच, याचा मला आतून अभिमान होता, तो मी कुणाला कधी बोलून दाखवला नाही.

"सोमवारी सांगशील ना तू?" सुवर्णानं विचारलं. "मी नाही बाई बोलणार. तुझं तू सांग."

"सांगते."

"दूध मी आणून ठेवते. तू नुसता चहा कर."

रविवारी मी व्याख्यानात एक चित्र वाढवलं. चौदावं. तेरावं चित्र जुनं, जोडी जशीच्या तशी. चौदाव्यात लांब रेषा आणि हळूहळू उतरत जाणारा आलेख. सुवर्णानं ते बघितलं, त्यातल्या एका अक्षराचा आकार मोठा कर म्हणाली, आणि स्वतःच्या व्याख्यानाला बसली. संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांनी शेजारच्या शिंत्रे काकांना सांगून टाकलं होतं की केतकीनं कधीच न संपणारी काहीतरी गोष्ट शोधून काढलीय. काका म्हणाले म्हणे, मग आमच्या हिच्या बडबडीला तेच सूत्र लागत असणार. मी हसले. बाबांना काही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी माझं व्याख्यान पहिलं. सभागृह कसलं, वर्गच तो, पण त्या दिवशी पुढच्या बाकावर तीन अनोळखी माणसं आणि त्यांच्यासमोर पाण्याच्या बाटल्या. मी चांगली बोलते. बोलत गेले. तेराव्या चित्रापाशी समितीतले एक वयस्कर गृहस्थ पुढे झुकून शेजारच्या बाईंना काहीतरी म्हणाले, आणि त्या बाईंनी वहीत लिहायला घेतलं. त्यांची ती लगबग मी बघितली. मग मी कळ दाबली, आणि लगेच पुन्हा दाबली. चौदावं चित्र पडद्यावर पापणी लवेपर्यंत आलं आणि गेलं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की बोट आपोआप दोनदा पडलं. आपोआप पडलं नव्हतं.

टाळ्या झाल्या. मी सुवर्णाच्या शेजारी येऊन बसले. तिनं आपले कागद जुळवून घेतले. बहुधा तिला वाटलं असेल, शेवटी प्रश्नोत्तरांत सांगेल, किंवा दुपारी. तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती उठली.

ती तितकीशी चांगली बोलायची नाही. इंग्रजी वाक्य मध्येच तोडायची आणि फळ्याकडे वळायची. पण रीत सुंदर होती, पायरी-पायरीनं जाणारी. शेवटी वहीवाल्या बाईंनी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, तुमच्या रितीप्रमाणे अशी प्रत्येक जोडी गळते. पण आत्ताच आम्ही एक न गळणारी बघितली. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. मग कुठलं चुकतंय?

सुवर्णा खडू हातात धरून उभी होती. "माझी रीत बरोबर आहे असं मला वाटतं," ती म्हणाली. आणि तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नाटकात पुढचं वाक्य ज्याचं असतं त्याच्याकडे बघावं तसं.

मी वहीच्या कोपऱ्यावर रेघा ओढत होते.

तेव्हा सरांनीच मागून विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा, चष्मा शोधताना असतो तसा. "केतकी, तू रेषेच्या कडा तपासल्या होत्यास ना?"

त्या वर्गात तेव्हा माझ्यासाठी सगळी दारं उघडी होती. नाही सर, म्हटलं असतं तरी चाललं असतं. तपासल्या आणि चूक सापडली, म्हटलं असतं तर सर कदाचित खूशच झाले असते.

"हो सर," मी म्हणाले. "तपासल्या."

हे खोटं नव्हतं. मी तपासल्याच होत्या.

सुवर्णा फळ्याकडे वळली, आपल्या शेवटच्या ओळीकडे बघितलं आणि म्हणाली, "मग माझ्याकडून काहीतरी राहिलं असेल. मी बघते." तिनं ती ओळ पुसली. हातानं, डस्टर न घेता. खाली बसताना तिचा पांढरा झालेला तळवा मला दिसला.

संध्याकाळी साडेपाचला समितीची माणसं गाडीत बसून गेली. आम्ही आठ-नऊ जण विभागात रेंगाळत होतो. सुवर्णानं पिशवीतून दुधाच्या पिशव्या काढल्या, शेगडी लावली, आलं ठेचलं. कुणीतरी म्हणालं, अरे वा, कुणाची चूक? ती म्हणाली, माझी. मग नेहमीची गंमत सुरू झाली. सर मात्र वर्गाच्या उघड्या दारातून फळ्यावरच्या पुसलेल्या जागेकडे बघत होते. त्यांना कळलं होतं का, मला माहीत नाही. रिवाज त्यांचाच होता, आणि त्यात दुसऱ्यानं विचारायची सोय नव्हती.

तिनं सगळ्यांना पेले दिले. माझा सगळ्यात शेवटी आणला.

"साखर बघ बरोबर आहे का," ती म्हणाली.

ती समोरच थांबली. गेली नाही. पेला माझ्या हातात, वाफ तोंडावर येतेय, आणि ती उभी. आज मला समजतं की ती साखरेबद्दल विचारत नव्हती. दूध माझ्यासाठी आणलेलं होतं, चहा माझा होता, आणि अजूनही वेळ गेलेली नव्हती. मी नुसतं म्हणायला हवं होतं, आण इकडे, हा मी करायचा होता. सगळे हसले असते.

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि प्यायले.

पंधरा दिवसांनी कळलं. परदेशी जायला माझं नाव आलं. सुवर्णाची मुदत वाढली नाही. रितीत मूलभूत त्रुटी असण्याची शक्यता, असं पत्रात लिहिलं होतं. महिनाअखेरीला तिचे दाजी टेम्पो घेऊन आले. सामान होतंच किती. जाताना तिनं खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि दूधवाल्याला एकच पिशवी टाकायला सांग म्हणाली. एवढंच.

पुढच्या वर्षी, तिकडे बर्फात बसून, मी माझ्या छापून आलेल्या शोधनिबंधाला एक दुरुस्ती जोडली. कडेवरून परतणाऱ्या लाटा लक्षात घेतल्यास जोडीचं आयुष्य मर्यादित ठरतं. एकच वाक्य. कुणाचं कौतुक नाही, कुणाचा राग नाही, त्या वाक्याकडे कुणी बघितलंही नाही. त्यात सुवर्णाचं नाव घालायला एक ओळ लागली असती. ते नाव घातलं की का घातलं हे सांगावं लागलं असतं.

दोन वर्षांनी परत आले, लग्न झालं, रेवा झाली. आता सांगलीतच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. मुलं मला प्रामाणिक समजतात. चूक झाली तर आपण होऊन सांगा, मी मार्क कापणार नाही, असं मी त्यांना दर सत्राच्या पहिल्या तासाला सांगते, आणि सांगताना खिडकीबाहेर बघते.

गेल्या रविवारी जयसिंगपूरला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं. मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. सहभागी शाळांच्या यादीत एका शिक्षिकेचं नाव होतं, सौ. सुवर्णा ढवळे, माहेरचं कांबुरे. यादी आठ दिवस माझ्या पर्समध्ये होती. मी ठरवून गेले. रेवाला बरोबर घेतलं, कारण ती असली की मी चांगली वागते.

मंडपाच्या टोकाला तिचा स्टॉल होता. ती जराशी जाड झालीय, केस पुढून पांढरे होऊ लागलेत. मला बघून तिनं आधी पदराला हात पुसले.

"केतके," ती म्हणाली. "किती वाळलीस गं."

मग ती रेवासमोर उकिडवी बसली. तिचं नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. तुझी आई आणि मी एका खोलीत राहायचो, तिला पोळ्या गोल येत नव्हत्या, अजून येत नाहीत का, असं विचारलं. रेवा म्हणाली, बाबा करतात. सुवर्णा खूप हसली. तिच्या विद्यार्थिनींनी पाण्यातल्या लाटांचा प्रयोग मांडला होता. तिनं रेवाला त्यांच्याकडे सोपवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

आम्ही दोघीच होतो. मंडपात पंखे फिरत होते. ती थांबली होती, मला पाहिजे तेवढा वेळ देऊन.

मी आठ दिवस तीन वाक्यं घोकली होती. पहिलं वाक्य तिच्या नावानं सुरू होत होतं.

"सुवर्णा," मी म्हणाले.

"बोल की."

"मुलींनी छान केलाय गं प्रयोग."

तिनं माझ्याकडे बघितलं, एक लांब श्वास घेतला आणि मान हलवली. "हो," ती म्हणाली. "पोरी हुशार आहेत." मग रेवाला हाक मारून तिनं तिच्या मुठीत चिक्कीची वडी दिली. उन्हातून जाताना डोक्यावर काहीतरी घाल हिच्या, असं मला बजावलं आणि वळून पुढच्या परीक्षकाला सामोरी गेली.

परतीच्या एस.टी.त रेवाला खिडकीशी बसवलं. उदगाव गेलं, कृष्णेचा पूल आला, तरी मला समोरचं नीट दिसत नव्हतं. मी तोंड दुसरीकडे फिरवून बसले होते. थोड्या वेळानं चिक्कीनं चिकट झालेला एक हात माझ्या गालावर आला. रेवानं माझा चेहरा स्वतःकडे वळवला, नीट निरखून बघितला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. माझ्या बाजूनं भांडायला उठावं तशी ती सीटवर गुडघ्यांवर उभी राहिली.

"आई," तिनं विचारलं, "त्या मावशीनं तुला काय केलं?"